पितृपक्षात न घेतलेली एसएसडी

आमच्या चाळीत कोणी "गणपतीनंतर बघू" म्हणालं, तर तो माणूस काम टाळतोय असं मी समजायचो. चूक होती. तो पंचांग बघून बोलत असतो. अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं की लगेच पितृपक्ष लागतो आणि त्या पंधरवड्यात घरात नवीन वस्तू आणायची नाही. म्हणजे "गणपतीनंतर" नावाचा दिवसच नसतो, तो थेट दसऱ्याला उगवतो. लालबागमध्ये जन्मलो, वाढलो, आणि हे साधं गणित मला सव्विसाव्या वर्षी कळलं.

वस्तू होती एक एसएसडी, चाळीच्या समितीच्या कॉम्प्युटरसाठी. तळहातावर मावेल एवढी चपटी डबी. कॉम्प्युटरमधली जुनी हार्ड डिस्क फिरत असते, तिच्यात चकत्या असतात, सुईसारखी टोकं असतात, ती झिजतात. एसएसडीत काही फिरत नाही, म्हणून ती भराभर चालते. एवढंच. ती घ्यायला पैसे नव्हते असंही नाही. समितीकडे पैसे होते, सगळ्यांना मान्यही होतं. प्रश्न फक्त "कधी" एवढाच होता, आणि त्या "कधी"वर आमच्या चाळीने एका बाईची खोली पणाला लावली. ही बाई कोण ते आधी सांगतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकी. मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, मग तोही गेला. काकी घरी बसून साड्यांना फॉल-पिको करतात. दादरच्या दोन दुकानांतून पिशव्या भरभरून साड्या येतात आणि तशाच परत जातात. चाळीचा पुनर्विकास ठरला तेव्हा प्रत्येक खोलीला सिद्ध करावं लागलं की आम्ही ठरावीक तारखेच्या आधीपासून इथे राहतो. काकींचं रेशनकार्ड नवीन बनवलेलं, लाइट बिल उशिरा नावावर झालेलं. जुनी म्हणता येईल अशी एकच वस्तू त्यांच्याकडे होती, नवऱ्याच्या नावाची भाडेपावती. पिवळी, चार घड्यांची, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग.

बिल्डरचा माणूस आला आणि सगळ्यांची मूळ कागदपत्रं "पडताळणीसाठी" घेऊन गेला. पोचपावती दिली, त्यावर लिहिलेलं काय, तर "कागदपत्रे मिळाली". कोणती, किती, काही नाही. मी तेव्हा ओरडलो होतो की यादी लिहून घ्या. यादी कोणी मागितली नाही, कारण तो माणूस आला तो पेढे घेऊन आला होता. महिन्याभराने कागद परत आले. काकींच्या पिशवीत सगळं होतं, ती पावती नव्हती. बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं, आमच्याकडे आलीच नाही.

पण पावतीचं स्कॅन होतं. मी केलं होतं. दिवसा मी दादरला एका छापखान्यात डीटीपी करतो आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहितो, घरांच्या हक्कावर, पाण्यावर, पोलिसांवर, जे समोर येईल त्यावर. सरकारी पोर्टलला सगळ्यांची कागदपत्रं पीडीएफमध्ये लागणार म्हणून कागद बिल्डरकडे जायच्या आधीच मी चाळीतल्या प्रत्येक खोलीचे कागद स्कॅन करून समितीच्या कॉम्प्युटरवर ठेवले होते. प्रत्येक खोलीचं एक फोल्डर. काकींच्या फोल्डरमध्ये ती पावती, तेलाच्या डागासकट. जगात त्या पावतीचा तेवढाच पुरावा उरला होता. तो त्या डिस्कवर होता, आणि डिस्क मरत होती.

मरत होती हे गणपतीच्या आधीच दिसत होतं. बटण दाबायचं, खाली जाऊन चहा पिऊन यायचं, वर ते गोल अजून फिरतच असायचं. एक फाइल उघडायला घेतली की आतून टिक टिक, मग खर्र, मग शांत. मी डिस्क तपासायचा एक प्रोग्राम टाकून बघितला. त्याने पिवळ्या रंगात सावधान म्हणून दाखवलं. मी अध्यक्षांना बोलावून तो पिवळा रंग दाखवला.

अध्यक्ष म्हणजे शिवडीच्या एका गोदामात हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. हस्ताक्षर मोत्यासारखं, डोकं थंड, मला "कॉम्रेड" म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. त्यांनी चष्मा वर करून पिवळा रंग बघितला आणि म्हणाले, लाल झालेला नाही ना, मग गणपतीनंतर बघू.

गणपती गेले. दुसऱ्या संध्याकाळी समितीची बैठक, मंडळाच्या खोलीत, गुलालाने माखलेल्या खुर्च्यांवर. मी विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, दसऱ्याला घेऊ. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, यंत्राची पूजाही होईल, त्या सुमाराला सेलही असतो, स्वस्त पडेल. पोर्टलची शेवटची तारीख दसऱ्यानंतर आठवड्याने आहे, म्हणजे वेळच वेळ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभा राहिलो आणि भाषण ठोकलं. डिस्क पंचांग वाचते का, गिरण्या काय मुहूर्त बघून बंद पडल्या का, आपण कोणत्या शतकात आहोत, वगैरे. आज ते आठवलं तरी कान तापतात, पण तेव्हा मला ते फार चांगलं वाटलं होतं.

"कॉम्रेड," अध्यक्ष म्हणाले, "पंधरा दिवस क्रांती थांबव. पितरांना जेवू दे."

लोक हसले. दारात काकी उभ्या होत्या, हातात साड्यांची पिशवी. त्याही हसल्या. मला वाटलं होतं निदान त्या माझ्या बाजूने बोलतील, त्यांचाच कागद आहे. त्या म्हणाल्या की नवऱ्याची तिथी पुढच्या आठवड्यात आहे, त्याच्याच नावाच्या कागदासाठी ह्या दिवसांत काही नवं आणायचं त्यांच्या मनाला पटत नाही. दसऱ्याला आणा. मी आवाज चढवला, त्यांनी पाठ फिरवली.

आता माझा राग नीट सांगतो, कारण तो खोटा नव्हता. ह्या शहरात आमच्या लोकांना कोणी एक दिवस थांबू देत नाही. गिरणीच्या गेटवर कुलूप लागलं तेव्हा कोणी तिथी विचारली नाही. नोटीस येते ती सात दिवसांची येते. बिल्डर अमावास्येला पाया खणतो. पोर्टल रात्री बाराला बंद होतं, मग घरात सुतक असो की बारसं. सगळं जग घाईत आमच्यावर चालून येतं आणि आम्ही मात्र स्वतःच्या कामाला मुहूर्त लावून बसतो. हे मी त्या रात्री वहीत लिहिलं आणि सकाळी चाळीच्या फळ्यावर.

आमच्या जिन्याच्या तोंडाशी काळा फळा आहे. पाणी कधी जाणार, कोण वारलं, रोजचा सुविचार, सगळं त्यावर. मी सुविचार पुसला आणि रंगीत खडूने लिहिलं: यंत्राला पितर नसतात. आपली डिस्क मरायला टेकली आहे. आजच खरेदी करा. दुपारपर्यंत कोणीतरी ते पुसलं. मी परत लिहिलं, ह्या वेळी चौकट काढून, अक्षरांना सावली देऊन. परत पुसलं. मग मी ठरवलं की पत्रकच काढायचं, घराघरात टाकायचं.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत काकींनी मला अडवलं. मांडीवर जांभळी साडी, तोंडात दोरा.

"काय रे, तुझ्या फळ्यावर माझ्या घोवाक कित्याक आणलंस?"

मी म्हणालो, काकी, तुमच्या नवऱ्याचं नाव कुठे घेतलंय, तुमच्याच पावतीसाठी लिहिलंय.

"माका पावती होयी. तुझो निबंध नको."

आणि त्यांनी दोरा दाताने तोडला. मला वाटलं, हेच ते, आपल्याच माणसांना समजावणं सगळ्यात कठीण. मी खाली उतरलो आणि आणखी जोरात पत्रक लिहायला बसलो.

कुठे बसलो? समितीच्या कॉम्प्युटरवर. त्याच डिस्कवर. आज लिहिताना ह्या ओळीशी हात थांबतो. तीन संध्याकाळी मी त्या खरखरणाऱ्या यंत्रावर पितृपक्षाविरुद्धचं पत्रक जुळवत होतो. मथळ्याचा टाइप बदलून बघत होतो. माझ्या खांद्याच्या बॅगेत चार पेन ड्राइव्ह होते, छापखान्यातले, रोज वापरातले. काकींचं फोल्डर दोन क्लिकवर होतं. सगळ्या चाळीचे कागद कॉपी व्हायला दहा मिनिटं लागली असती, त्या मरतुकड्या डिस्कला फार तर वीस. त्यासाठी मुहूर्त लागत नव्हता, ठराव लागत नव्हता, कोणाची परवानगी लागत नव्हती. पेन ड्राइव्ह जुनाच होता, म्हणजे पितृपक्षाचाही भंग होत नव्हता. माझ्या डोक्यात ते आलंच नाही असं म्हणायला मी तयार आहे, पण तेही पूर्ण खरं नाही. एकदा आलं होतं. तेव्हा मनात आलं, मी कॉपी करून ठेवली तर अध्यक्ष म्हणतील, झालं ना काम, आता दसऱ्यालाच घेऊ. माझा मुद्दा गेला असता. म्हणून मी ते उद्यावर टाकलं. हा माझा पितृपक्ष.

काकींच्या नवऱ्याच्या तिथीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी साडेसहाला, मी सेव्ह दाबलं. टिक टिक झालं. खर्र झालं. पडदा निळा झाला. बंद करून चालू केलं तर काळ्या पडद्यावर एक ओळ, डिस्क सापडत नाही. मी कान लावून बसलो. आत काहीतरी एकसारखं आपटत होतं, मग तेही थांबलं.

दुसऱ्या दिवशी डिस्क काढून लॅमिंग्टन रोडला नेली. तिथल्या एका गाळ्यात माझ्या ओळखीचा दुरुस्तीवाला बसतो. त्याने डिस्क जोडली, ऐकली, काढून ठेवली. म्हणाला, हेड पडलंय, म्हणजे आतलं वाचणारं टोकच गेलंय, लॅबला पाठवून बघतो, आशा ठेवू नको. मी विचारलं, आता एसएसडी घेऊन काही होईल का?

"चालू होती तेव्हा यायचं ना बॉस. इकडून तिकडे कॉपी मारून दिली असती. आता नवीन घेशील, ती रिकामीच असणार."

मग गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तो बोलत बसला. लोक विचारतात, एसएसडी कधी घ्यायची, सेलला, दिवाळीला, भाव पडल्यावर? भाव पडतात, चढतात, ते कोणालाच कळत नाही. मशीन हळू झालं की घ्यायची. आवाज यायला लागला तर उशीर झालाच, पण त्या दिवशी तरी घ्यायची. आणि घेतली तरी कामाची वस्तू दुसरीकडे ठेवायची, कारण एसएसडीसुद्धा मरते, ती तर मरताना आवाजही करत नाही. हे सगळं मला माहीत होतं. मी डीटीपीवाला आहे. तरी मी एखादं पहिल्यांदा ऐकणारं पोर असल्यासारखा मान हलवत होतो. आठवड्याने लॅबचं उत्तर आलं, काही मिळालं नाही.

चाळीला मात्र उत्तर लगेच मिळालं होतं. फळ्यावर पितरांची टिंगल केली आणि तिसऱ्या दिवशी मशीन बसलं. खालच्या मजल्यापासून वरच्यापर्यंत सगळ्यांचं एकमत. अध्यक्षांनी तोंडाने म्हटलं नाही, पण फळ्याकडे बघून घसा खाकरला. माझ्याकडेही उत्तर तयार होतं: अंधश्रद्धेने एका विधवेचा पुरावा खाल्ला. कसला मथळा. दोन दिवस मी भेटेल त्याला हे सांगत होतो. त्यांच्या गोष्टीत माझा दोष होता, माझ्या गोष्टीत त्यांचा. पेन ड्राइव्ह दोन्हींत नव्हता.

दसऱ्याला एसएसडी आली. अध्यक्ष स्वतः जाऊन घेऊन आले. दुरुस्तीवाल्याने येऊन बसवली, कॉम्प्युटरला झेंडूचा हार, हळदकुंकू, वर आपट्याची पानं. बटण दाबलं आणि अध्यक्षांनी ओंजळीतला पेढा तोंडात टाकेपर्यंत पडदा उजळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच टाळ्या. मी ते झळझळीत, भराभर चालणारं, कोरं करकरीत यंत्र बघत होतो आणि मला ते खिडकीतून खाली फेकावंसं वाटत होतं. पुढचे पाच दिवस मी कामावर रजा टाकली आणि सगळ्या खोल्यांचे कागद परत स्कॅन केले. सगळ्यांकडे मूळ कागद होते. एक फोल्डर अर्धं रिकामं राहिलं.

पाचव्या दिवशी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. काकी शिलाईच्या मशीनवर होत्या. त्यांनी पाय थांबवला नाही. मी उभ्यानेच सांगितलं, बॅगेत काय होतं, किती वेळ लागला असता, मला आठवलं होतं आणि मी का केलं नाही. त्यांनी पाय थांबवला.

"धा मिन्टां?"

"दहा. फार तर वीस."

"आणि फळ्यावर लिवूक किती लागली?"

दुसऱ्या वेळी चौकट आणि सावलीसकट तासभर लागला होता. काकींनी साडीची कड मशीनखाली सरकवली आणि परत पाय चालू केला. जा म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. मी खाली आलो.

खोल्यांच्या पात्रतेची सुनावणी महिन्याभराने झाली. एक अधिकारी बाई, टेबलावर आमच्या चाळीची फाइल, बाजूच्या खुर्चीत बिल्डरचा प्रतिनिधी लॅपटॉप उघडून. काकींबरोबर अध्यक्ष आणि मी. अध्यक्षांनी आपल्या हस्ताक्षरात दोन शेजाऱ्यांचे जबाब लिहून आणले होते की हे कुटुंब अमुक काळापासून इथे राहतं. बाईंनी ते वाचले आणि मूळ पावती विचारली. काकी म्हणाल्या, ह्यांच्या ऑफिसात दिली. प्रतिनिधी लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला, आमच्या नोंदीत नाही. बाईंनी ते लिहून घेतलं. त्याला दुसरा प्रश्न विचारला नाही. नोंद कोणी केली, कधी केली, दाखव, एक शब्द नाही. मी उभा राहिलो तर मला बसवलं. मग प्रत विचारली.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, समितीचा कॉम्प्युटर बंद पडला."

"प्रत माझ्याकडे होती," मी म्हणालो. "मी दुसरी ठेवली नाही. चूक माझी आहे, ह्यांची नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, जसं रांगेत उगाच घुसलेल्या माणसाकडे बघतात. चूक कोणाची ह्याचा रकाना त्यांच्या फॉर्मवर नव्हता. यादी लागली तेव्हा काकींच्या नावापुढे अपात्र असं होतं, कारण पुरावा अपुरा. अपील करता येईल.

अपील मी लिहिलं. काकींनी अट घातली की हाताने लिहायचं, तीन प्रती, एक ऑफिसात, एक अध्यक्षांकडे, एक त्यांच्याकडे. त्यांच्या खोलीत जमिनीवर बसून मी तिन्ही प्रती लिहिल्या. तिन्ही त्यांनी ओळीवर बोट ठेवून ताडून बघितल्या. एका ठिकाणी मी "अन्याय" शब्द तीनदा लागोपाठ वापरला होता. त्यांनी दोन खोडायला लावले.

आता दर सोमवारी काकी सकाळी बिल्डरच्या परळच्या ऑफिसात जातात. काउंटरवर सांगतात, माझी पावती द्या, आणि समोरच्या सोफ्यावर बसतात. पिशवीतून साडी काढतात आणि हाताने फॉल लावत बसतात, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. काउंटरवरच्या मुलीने पहिल्या सोमवारी चहा विचारला, दुसऱ्या सोमवारी साहेब बाहेरगावी आहेत म्हणाली, तिसऱ्या सोमवारी वॉचमनला बोलावलं. वॉचमन रत्नागिरीचा निघाला, त्याने काकींना पाणी आणून दिलं. मी छापखान्याला अर्धा दिवस सांगून त्यांच्या शेजारी बसतो. यावर पत्रक काढायला माझा हात शिवशिवतो. काकींनी बजावलंय, एक ओळ लिहायची नाही, नुसतं बसायचं. मी बसतो. पावती अजून मिळालेली नाही. येत्या सोमवारी अध्यक्ष पण येतो म्हणालेत.